उलटा प्रश्न

४ मार्च
दुसऱ्या आणि तिसऱ्या खेळाच्या मध्ये

ताई,

नमस्कार लिहावा की नाही यावरच माझी दहा मिनिटं गेली, आणि दोन खेळांच्या मध्ये मिळतात अवघी पस्तीस. तेव्हा नमस्कार केला असं समज आणि पुढे वाच. पाकिटावरचं अक्षर ओळखून चुलीत घालायला निघाली असशील तर जरा थांब. वाचून झालं की खुशाल घाल.

बातमीच तशी आहे गं! सकाळपासून माझे पाय जमिनीला लागत नाहीयेत. तूच मला भिंगरी म्हणायला लागलीस ना? आज बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, हिच्या अंगात वारा भरलाय. कपडेघरात शिंपीणमावशी माझ्या कमरपट्ट्याला टाके घालत होत्या. मी इतकी हलत होते की त्यांना दोनदा सुई टोचली. "एका जागी उभी राहा, नाहीतर पट्टा तुझ्या कातडीलाच शिवीन," म्हणाल्या.

ऐक. एक एप्रिलपासून आमच्या केंद्रात नवा खेळ सुरू होतोय. काचेच्या छपराचं मोठं दालन बांधलंय, तीनशे माणसं मावतील एवढं. आणि त्यात आपलं अडसराचं गाणं म्हणायचंय. पुरं गाणं, ताई! चार मिनिटांचा तुकडा नाही. दाराच्या आत एक गळा, दाराच्या बाहेर एक गळा, दोन्ही खरे.

तुला आमचं केंद्र ठाऊक नाही, म्हणून सांगते. शहराच्या मधोमध, बस डेपोच्या मागे, मोठं आवार आहे. आत पाच खोटी गावं आहेत, सिमेंटची, वरून मातीचा रंग दिलेली. पाच डोंगरांवरच्या पाच जमाती तिथे रोज चार वेळा नाचतात, गातात, दळतात, कांडतात. आपलं गाव तीन नंबरचं. साहेब आम्हाला नावानं हाक मारतच नाहीत, "तीन नंबर, चला" म्हणतात. साहेबांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. म्हणून आम्ही त्यांना घड्याळसाहेब म्हणतो, अर्थात पाठीमागे.

आत्ताचा खेळ असा: पाहुणे दाराशी येऊन थांबतात. मी आतून पहिला प्रश्न गाते. पाहुण्यांना उत्तर गाता येत नाही, त्यामुळे ते मशीनमधून वाजतं. मग चौथ्या मिनिटाला अडसर आपोआप वर जातो, कारण अडसराला मोटर बसवली आहे. हसू नकोस. आजीनं बघितलं असतं तर मोटरीलाच प्रश्न विचारले असते.

नव्या खेळासाठी घड्याळसाहेब म्हणाले, "बाहेरून गाणारी कुणी खरी असेल तर आणा. नाहीतर आहे तेच मशीन मोठं करून लावू." मी विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी ताई आहे."

रविवारी, सतरा तारखेला तिकिटं लावून रंगीत तालीम आहे, पर्यटन खात्याची माणसं बघायला येणार आहेत. त्याआधी ये. एवढंच मागते. भाडं, राहणं सगळं केंद्राचं. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे, खिडकीकडची. ती तुझी.

मला माहीत आहे, तीन वर्षं तू माझ्याशी एक अक्षर बोललेली नाहीस. माझा नंबरही तू बंद करून टाकलास. पण केंद्राचं ते पत्र उशिरा आलं होतं ताई, आणि तू घरी नव्हतीस, आणि कुणीतरी जायला तर हवंच होतं. ते जाऊ दे. समोर आलीस की बोलू.

घंटा झाली. पळते.

तुझी भिंगरी


९ मार्च
सकाळी, कपडेघरातून

ताई,

उत्तर नाही. आईच्या शेजारणीकडे फोन केला, तर आई म्हणाली, "आलंय तुझं पत्र. ती गोठ्यात घेऊन गेली होती. वाचलं की गाईला घातलं, कोण जाणे." गाईनं खाल्लं असेल तर तिला आता सगळं ठाऊक आहे. तिला विचार.

पण आईनं आणखी एक सांगितलं. तू दूध काढताना गात होतीस म्हणे. काय गात होतीस ते तिला ऐकू आलं नाही. आईचे डोळे त्या ऑपरेशननंतर सुधारले, पण कान मात्र रुसलेत. मी फोनवरच उडी मारली! तू राग आला की गात नाहीस, हे मला माहीत नाही का?

आज तुला इथल्या गमती सांगते. आमचा पोशाख बघितलास तर तू घेरी येऊन पडशील. डोक्यावर पिसांचा मुकुट! आपल्याकडे कुणाच्या सात पिढ्यांत डोक्याला पीस लागलं नाही. मी घड्याळसाहेबांना म्हटलं, तर ते म्हणाले, "फोटोत रिकामं डोकं चांगलं दिसत नाही." परवा एका पाहुणीनं मला खाणाखुणा करून विचारलं, तुम्ही रात्री झाडावर झोपता का? मी म्हटलं, नाही, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद आहे. तरी तिनं माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. वाईट नव्हती बिचारी. मला तर हे सगळं आवडतं ताई, लाज वाटते सांगायला, पण आवडतं. माझा पहिला प्रश्न सुरू झाला की दाराबाहेरची सगळी माणसं फक्त माझंच ऐकतात ना, ते सुख दुसऱ्या कशात नाही.

ढोल वाजवणारे काका आपलेच आहेत, पलीकडच्या उतारावरचे. पूर्ण केंद्रात आपली बोली समजणारे आम्ही दोघंच. बाकी कुणाला एक शब्द कळत नाही. मी प्रश्नाच्या जागी भाजीची यादी गायले तरी टाळ्या तेवढ्याच पडतील. (एकदा गायले होते. काकांनी आठवडाभर तोंड फिरवलं.)

आणि शिंपीणमावशी आणि मोटर यांचं भांडण! कपडेघराच्या भिंतीत विजेचा एकच प्लग आहे, नव्या दालनाची वायरही तिथूनच नेलीय. त्यावरच अडसराची मोटर, त्यावरच गाण्याचं मशीन, आणि मावशींना त्यावरच इस्त्री लावायची असते. खेळ सुरू व्हायला दोन मिनिटं असली तरी त्या वायर उपटतात. घड्याळसाहेब किंचाळतात, "मावशी, दार उघडणार कसं?" त्या म्हणतात, "हातानं. देवानं दिलेत ना?"

घड्याळसाहेबांना नव्या खेळात आणखी रंगत हवी होती. म्हणून मी त्यांना आपले सगळे नियम सांगितले. आत असणारी चार प्रश्न विचारते: कोण उभं दाराशी, कुठल्या झऱ्याचं पाणी पितेस, हातात काय आणलंस, मागे काय ठेवून आलीस. बाहेरच्यानं खरंच सांगायचं. अडसराशी खोटं चालत नाही. आणि मग उलटा प्रश्न सांगितला, की बाहेरची एकदा, एकच प्रश्न आतलीला विचारू शकते. आतलीनं उत्तर दिलं की दार उघडतं, पण विचारणारी त्या दिवशी आत येत नाही. ती घरी जाते, आपला अडसर घालते, आणि चंद्र मावळून नवा व्हायच्या आत आतलीनं तिच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. आजीनं आयुष्यात एकदाच ऐकला होता म्हणे उलटा प्रश्न. घड्याळसाहेब म्हणाले, "हे छान आहे, पण ती घरी गेली तर दुसऱ्या खेळाला कोण उभं राहणार?" आणि खोडून टाकलं.

झेंडा घेऊन पाहुण्यांना फिरवणारी बाई आहे, तिच्या भाषणात मात्र साहेबांनी एक वाक्य घातलं. ती रोज चार वेळा मोठ्यानं सांगते: "हे भोळे लोक अडसरापाशी कधीच खोटं बोलत नाहीत." आणि मी पलीकडे उभी असते, गळ्यात ओळखपत्र घालून.

तू तो फोटो बघितलास ना, मामेभावानं दाखवलेला? तो केंद्र बघायला आला होता, हौसेनं माझा फोटो काढून घेऊन गेला, आणि तू तो दोन बोटांनी मोठा करून ओळखपत्र वाचलंस. त्यावर चेहरा माझा आणि नाव तुझं. तेव्हापासून तुझा आवाज बंद झाला. इथे माझ्या नावानं मला कुणी हाक मारत नाही ताई. तुझ्या नावानं मारतात. मशीनमध्येही माझाच आवाज भरलाय, पण "कोण उभं दाराशी" याला तो उत्तर देतो तुझ्या नावानं. कागदाशी जुळायला हवं होतं.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहिलंच आहे तर राहू दे. आठ दिवस उरलेत. ये.

भिंगरी


१४ मार्च
दुपारी, खोलीतून. आज आजारी असल्याचं सांगितलंय. नाहीये.

ताई,

तीन दिवस उरले आणि तू येत नाहीस हे मला कळून चुकलंय. तरी लिहिते, कारण पहिल्या पत्रात मी तुला थाप मारली, आणि ती मला नीट गाऊ देत नाहीये. काल तिसऱ्या खेळात माझा सूर फुटला. काकांनी ढोल जोरात बडवून झाकून घेतलं.

ते पत्र उशिरा आलं नव्हतं.

मंगळवारी आलं. तू आईला घेऊन दवाखान्यात होतीस, डोळ्याच्या ऑपरेशनला. पोस्टमननं मलाच सही करायला लावली. मी उघडलं. तुझी निवड झाली होती, सोमवारपर्यंत हजर व्हायचं होतं. म्हणजे सहा दिवस हातात होते, आणि दवाखाना बसनं दोन तासांवर. मी आले असते, तुझ्याजवळ आईपाशी बसले असते, आणि तू गेली असतीस. इतकं सरळ होतं.

मी काय केलं? केस धुतले. तुझी जांभळी ओढणी इस्त्री केली. तुझे शाळेचे कागद पेटीतून काढले. रविवारी निघाले.

केंद्राच्या दारात त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, या. निवडीच्या वेळी केंद्रातून गाणं ऐकायला आलेल्यांनी आपल्या अंगणात बारा मुली बघितल्या होत्या, त्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो. एरवी मला त्याचा संताप येतो. त्या दिवशी फायदा झाला.

मी स्वतःला सांगत होते की जागा धरून ठेवायला जातेय. तू मोकळी झालीस की बोलावीन, आपण अदलाबदल करू. मग पहिला आठवडा गेला, मग पहिला महिना. आणि गंमत बघ, सगळे म्हणतात माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हे एवढं मोठं मात्र बरोबर भिजलं.

आपल्या बोलीला अक्षरं नाहीत, म्हणून मी हे शाळेच्या भाषेत लिहितेय. तूच शिकवलीस ती मला, दारातल्या पायरीवर बसून. शाळेच्या भाषेत सगळं लिहिता येतं, पण तरी काहीतरी राहतंच. खरं म्हणजे "जागा धरून ठेवायला" हेही पूर्ण खरं नाही. बाकीचं मला इथे लिहिता येत नाही.

रविवारी मशीनच लागेल. मी आतून विचारीन आणि मीच बाहेरून उत्तर देईन, तुझ्या नावानं, पर्यटन खात्यासमोर. तू ये असं आता म्हणत नाही. फक्त रविवारी अकरा वाजता क्षणभर माझी आठवण काढ, शिवी देऊन काढलीस तरी चालेल.

भिंगरी


१८ मार्च
सकाळी. अक्षर वाचता आलं नाही तर आईला नको दाखवूस, तिला हसू येईल.

ताई! ताई! ताई!

तू दाराबाहेर होतीस, म्हणून तुला फक्त बाहेरचं माहीत. आतलं मी सांगते.

अकरा वाजता दालन गच्च भरलं. दाराच्या त्या बाजूला पाहुणे दाटीवाटीनं उभे, या बाजूला मी, पिसांचा मुकुट घालून, आणि माझ्या मागच्या भिंतीला खुर्च्यांवर पर्यटन खातं. वेळूच्या दारातून काही दिसत नाही, फक्त बुटांची गर्दी दिसते खालच्या फटीतून. झेंडेवाल्या बाईनं आपलं वाक्य म्हटलं. काकांनी ढोलावर बोटं फिरवली. मी पहिला प्रश्न गायले: कोण उभं दाराशी?

मशीनमधून माझा आवाज आला आणि त्यानं तुझं नाव घेतलं.

आणि त्याच वेळी दुसऱ्या एका आवाजानं तेच नाव घेतलं.

माझ्यापेक्षा खालचा सूर. शेवटची ओळ जरा ओढून, आजीसारखी. मला आधी वाटलं मशीन बिघडलं. काकांचा हात हवेत थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मशीन आपलं पुढे गातंच होतं, झऱ्याचं नाव, हातात काय, मागे काय, सगळं धाडधाड, आणि मला तुझं काही ऐकू येईना. वर मोटरीवर लाल दिवा लागला होता, म्हणजे मिनिटभरात अडसर वर जाणार. मी अडसराला दोन्ही हातांनी लोंबकळले! पर्यटन खात्याला वाटलं नाचाचाच भाग आहे.

तेवढ्यात सगळं गप्प. मशीन गप्प, दिवा बंद. मी वळून बघितलं तर कपडेघराच्या दारात शिंपीणमावशी उभ्या, हातात वायर. घड्याळसाहेब खुर्च्यांमागून धावत आले आणि दबक्या आवाजात ओरडले, "मावशी, काय केलंत?"

"इस्त्री तापवायची आहे," मावशी म्हणाल्या. इस्त्री त्यांच्या हातात नव्हतीच. त्यांना आपल्या बोलीतला एक शब्द कळत नाही ताई, पण तीन वर्षं रोज माझं गाणं ऐकलंय, आणि हा आवाज वेगळा आहे एवढं त्यांना कळलं. माझ्या चेहऱ्यावरून बाकीचं कळलं असेल.

मग मी पुन्हा विचारलं. आणि तू पुन्हा उत्तर दिलंस, आता एकटीच. तुझं नाव तुझ्या तोंडून ऐकलं. तीन वर्षं मी ते वापरून वापरून गुळगुळीत केलं होतं, तू घेतलंस आणि ते नवं झालं.

झऱ्याचं विचारलं, तू आपला झरा सांगितलास. हातात काय आणलंस विचारलं, तू म्हणालीस, रिकामे हात, आणि एक तिकीट. (तिकीट काढून आलीस! रांगेत उभी राहून!) मागे काय ठेवून आलीस विचारलं, तर तू गायलीस: आईला ठेवलं, गाईला ठेवलं, अर्धा राग घरी ठेवला, अर्धा बरोबर आणला. काका ढोलावर वाकून हसले. मी हसले आणि त्याच वेळी रडायला लागले, दोन्ही एकदम.

मी अडसराला हात घातला. गाणं संपलं असं मला वाटलं. आणि तू उलटा प्रश्न विचारलास.

काकांनी कान धरले, आपले म्हातारे धरतात तसे. आजीनं आयुष्यात एकदा ऐकलेला, आणि आता मी. आणि प्रश्न तरी किती लहान: अडसर धरणारे, तू कोण?

पाचावर धारण बसली माझी. घड्याळसाहेब दोन्ही घड्याळं बघत होते. तीनशे माणसं ऐकत होती, आणि त्यांतल्या एकालाही कळणार नव्हतं. काका आणि तू, बस. मी काहीही गायले असते तरी टाळ्या पडल्या असत्या.

मी जे गायले ते तू ऐकलंस. तरी इथे लिहिते, शाळेच्या भाषेत जसं येईल तसं, म्हणजे ते कागदावर राहील. मी धाकटी. मी तिच्या पेटीतून कागद घेतले, तिची ओढणी घेतली, तिचं नाव घेतलं. जागा धरायला नव्हते गेले. मला जायचं होतं. माझी निवड झाली नव्हती आणि तिची झाली होती, हे मला सहन झालं नाही. मला ती व्हायचं होतं. तीन वर्षं मी ती झाले आणि माझं नाव घेणारं कुणी उरलं नाही. मी धाकटी, मी भिंगरी, आणि मग माझं नाव गायले, पूर्ण, आईनं ठेवलेलं. इतक्या जोरात, की काचेचं छप्पर वाजलं.

मग अडसर उचलला. हातानं. भलताच जड आहे गं तो, मोटरीनं कधी कळू दिलं नाही.

दार उघडलं आणि लोंढा आत आला. टाळ्या, फोटो, कुणी माझा हात धरतंय, कुणी मुकुट ओढतंय. मी माणसांतून उलटी बाहेर धावले, आणि तू नव्हतीस. तिकीटखिडकीवरची बाई म्हणाली, "जांभळ्या ओढणीवाल्या ना? आत्ता बसमध्ये चढल्या." म्हणजे तशीच ओढणी तू दुसरी घेतलीस.

सगळ्यांनी माझं सांत्वन सुरू केलं. शिंपीणमावशींनी पाणी आणलं. "इतक्या लांबून आली आणि रुसून गेली बिचारी," म्हणाल्या. झेंडेवाल्या बाईचे डोळे भरले. आणि मी नाचत होते! डेपोच्या दारात, पिसं उडवत! त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. त्यांना काय सांगू? उलटा प्रश्न विचारणारी आत येत नाही. ती घरी जाऊन अडसर घालते आणि वाट बघते. तू रागानं गेली असतीस तर चार उत्तरं देऊन, आत येऊन, माझ्या दोन मुस्काटात देऊन गेली असतीस. तू मला बोलावून गेलीस ताई. आपल्या रीतीनं. काकांना कळलं. ते एवढंच म्हणाले, "चंद्र बघ, फार दिवस नाहीत."

घड्याळसाहेबांनी मला दुपारी बोलावलं. मी ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "तीन वर्षं?" म्हणाले. "मी तर तुला तीन नंबरच म्हणतो." मग म्हणाले, कागद वर पाठवावे लागतील, नोकरी राहील की जाईल हे त्यांच्या हातात नाही. मी म्हटलं, बरं. मग दाराशी पोचले तर मागून विचारतात, "पण ते आजचं, ते रडणं वगैरे, रोज जमेल का? चारही खेळांना? खात्याला फार आवडलं."

मी म्हटलं, "साहेब, तो प्रश्न एकदाच विचारतात."

"मग दुसरा काहीतरी प्रश्न?" म्हणाले. माणूस वाईट नाही. तुझ्यासाठी करारही टाईप करून ठेवलाय त्यांनी, नावाची जागा कोरी सोडून. म्हणाले, ती स्वतः येऊन भरेल तेव्हा भरेल. तुझ्या मनात नसेल तर तो कागद मी तुला दाखवणारही नाही.

शनिवारपासून रजा मिळाली आहे. त्याच दिवशी निघतेय. हे पत्र माझ्याआधी पोचलं तर गाईला नको घालूस.

धाकटी


२४ मार्च
आपल्या दारात, पायरीवर. केंद्राच्या जाहिरातीच्या कागदामागे लिहितेय.

ताई,

तू आत आहेस हे मला माहीत आहे. मी अंगणात पाऊल टाकलं आणि आतून अडसर घातल्याचा आवाज आला, धाडकन. दुसरं कुणी असतं तर मागे फिरलं असतं. माझ्या जिवात जीव आला. तो अडसर तर धान्याच्या कणगीमागे पडलेला असायचा, वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता त्याला. म्हणजे तू तो ओढून काढलास, पुसलास, दाराशी तयार ठेवलास.

नियमाप्रमाणे बाहेरच्यानं हाक मारायची नाही, म्हणून मी बसून लिहितेय. काय करणार, गप्प बसता येत नाही. फटीतून कागद आत सरकवीन.

काल रात्री निघताना काकांनी सांगितलं होतं की अजून दोन दिवस चंद्र आहे. म्हणजे मी वेळेत आहे. मुकुट आणलेला नाही. तुझी जांभळी ओढणी आणली आहे, धुऊन, इस्त्री करून. शिंपीणमावशींनी केली, आणि मोटर बंद ठेवून केली. गळ्यात काही नाही.

आई आत म्हणतेय, "अगं, उघड की आता, ऊन लागेल तिला." आणि तू तिला गप्प करतेस. तुला वाटत असेल मला ऐकू येत नाही. सगळं ऐकू येतंय. तू पाणी प्यालीस. तू दाराजवळ आलीस. फटीतून तुझी पावलं दिसतायत, अंगठ्याला अजून ती जुनी खूण आहे, विळ्याची.

चार प्रश्न मला पाठ आहेत. दुसऱ्याला काय सांगू कळत नाही, कारण तीन वर्षं मी नळाचं पाणी पितेय. तिसऱ्याला ओढणी. चौथ्याला पिसं, मशीन आणि पाच सिमेंटची गावं. पहिल्याची मात्र अजिबात भीती नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो सगळ्यांत सोपा आहे.

तू खाकरलीस.

ताई, तू गायला लागलीस. पेन ठेवते, मला उत्तर द्यायचंय.